शिंपल्यांची मडम

"कोणी उठवलं ह्यांना? बोला ना! कोणी उठवलं?"

माझी थोरली नणंद, म्हणजे अक्का, अशी ओरडत होती की पार चिकपेटेच्या बाजारात दुकानांची शटरं धडाधड खाली आली असतील.

इथल्या, बेंगळुरातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं आम्हीही दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो. विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की त्यांना आडवं करून झोपवायचं, की सण संपला. काल अक्कानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना झोपवलं होतं. आज सकाळी पेटीत भरायला आली, तर एकूण एक बाहुली उभी. सगळ्या आमच्याकडे बघतायत.

"ही तुझी मडम आली आणि हिनंच सगळ्यांना उठवलं!"

मडम म्हणजे माझ्या संग्रहाची महाराणी, यंदा पहिल्यांदाच पायऱ्यांवर मांडलेली. शिंपल्यांचे मोर, शिंपल्यांचे डबे, शिंपल्यांनी मढवलेले आरसे मी इतके जमवलेत, की आमच्या घरात भरती-ओहोटी येते. ही शिवाजीनगरात जुन्या सामानाच्या दुकानात सापडली. डोकं चिनीमातीचं, एका डोळ्याचा रंग उडालेला, कमरेखाली बारीक शिंपल्यांचा घागरा. दुकानदार म्हणाला, "स्वल्प जुनी आहे." त्या स्वल्पाची मी दोनशे वर्षं केली. बुडालेलं जहाज, त्यावरची गोऱ्या साहेबाची बायको, सगळं पदरचं घातलं. ती अधूनमधून उसासे टाकते, हेही मीच घरभर पसरवलं होतं. आता माझीच थाप उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घागरा खुळखुळला. आता हे तरी खरं माना.

अक्काचा आवाज एकदम उतरला. "आईनं झोपवल्या त्या वर्षी नाही उठल्या गं."

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी असंच सगळ्या बाहुल्यांना निजवलं, स्वतः जाऊन आडव्या झाल्या, आणि सकाळी उठल्याच नाहीत. गेल्या वर्षी सण नव्हता. त्यांच्यानंतरचा हा पहिलाच दसरा.

"कुठल्या मेलेल्या घरातलं उचलून आणलंस हे!" अक्कानं मडमेची मान धरली. "फोडूनच टाकते."

"अक्का, नका हो! तिच्यासारखी दुसरी सगळ्या बेंगळुरात नाही!"

"नसूच दे!" तिनं हात वर नेला.

"ठेव तिला खाली."

दारात सासरे उभे होते. सासूबाई गेल्यापासून अप्पा घरात 'सरी', म्हणजे 'बरं', आणि 'नको' एवढंच बोलत.

"मी उठवलं सगळ्यांना," ते म्हणाले.

अक्काचा हात तसाच वर राहिला. "तुम्ही? का पण, अप्पा?"

"त्या सकाळी मी तुझ्या आईला हाक मारली नाही. म्हटलं, दमली असेल, झोपू दे."