फोरमनचं पथ्य

भागीरथाबाईंचा राग पिपरी मेघेतल्या त्यांच्या गल्लीला नवा नव्हता. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून जन्म घालवलेली बाई. पेशंटकडे न बघताच गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्या तोंडावर सुनवायच्या आणि त्यापायी बदल्याही भोगायच्या. निवृत्तीनंतर तरी पारा उतरेल असं घरच्यांना वाटलं होतं. कशाचा उतरतो.

त्यातून गेल्या हिवाळ्यात नवऱ्याला लकवा मारला. श्रावण पुलगावच्या लष्करी डेपोत नोकरी केलेला, तोही काही थंड डोक्याचा माणूस नव्हे. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा. आता उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. व्यायाम शिकवायला येणारी मयुरी त्याच्यापुढे मण्यांची वाटी ठेवायची, तर तो मान फिरवायचा. पण सोफ्याजवळच्या काचेच्या टाकीत एक सोनेरी मासा होता. त्याचे फुगीर गाल बघून श्रावणने जुन्या साहेबाच्या आठवणीने त्याचं नाव फोरमन ठेवलं होतं. फोरमनला खाऊ घालायचं म्हटलं की तोच लुळा हात हलायचा. अर्धे दाणे फरशीवर सांडायचे, पण एखादा चिमटीत यायचा. तेवढ्यासाठी श्रावण सकाळी उठून बसायचा.

आणि एका सकाळी फोरमन आडवा होऊन वर तरंगताना दिसला. पोट टम्म, एक कल्ला पाण्याबाहेर. श्रावणने पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. चहासुद्धा घेतला नाही.

भागीरथाबाई तडक बाजारात गेल्या. शोभेचे मासे विकणाऱ्या नीलेशने काही विचारलं नाही, निळ्या औषधाची बाटली पुढे केली. आणि जन्मभर ज्या गोष्टीसाठी डॉक्टरांशी भांडल्या तेच या बाईंनी केलं. घरी येऊन मुकाट्याने थेंब टाकले. पाणी निळंशार झालं आणि संध्याकाळपर्यंत मासा साफ उलटा. तेव्हा मात्र त्यांना स्वतःचाच असा संताप आला की उरलेली बाटली त्यांनी मोरीत ओतली. पुण्याहून मुलाचा, धम्मदीपचा फोन आला, तो इंटरनेटवर वाचून मीठ टाकायला सांगू लागला.

"तुले तिथून पेशंट दिसून राह्यला का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग चष्मा लावला, टॉर्च घेतली आणि पहिल्यांदा पेशंटकडे नीट पाहिलं. अंगावर पांढरे ठिपके नाहीत. पंख झिजलेले नाहीत. खवले उभे राहिलेले नाहीत, म्हणजे अंगात पाणी भरलेलं नाही. नुसतं पोट फुगलेलं, आणि त्यामुळे तोल गेलेला. माणसाचं पोट असं फुगलं तर पहिला प्रश्न काय विचारायचा हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. खाल्लं काय?

नळीने तळाचं पाणी ओढलं तर खड्यांखालून पांढरट लगदा निघाला. त्याला आंबूस वास येत होता. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला. बिस्किट.

आता सगळा उलगडा झाला आणि डोकं आणखीच भणाणलं. आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. येणारा प्रत्येक जण पुडा आणायचा, त्याच तो फोडून चहाबरोबर बशीत मांडायच्या. आणि न बोलणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? मग पाहुणा टाकीकडे वळायचा, एक तुकडा पाण्यात टाकायचा, मासा झडप घालायचा, सगळ्यांना बरं वाटायचं. श्रावण त्या वेळी सोफ्यावर हात आपटून "न्, न्" करायचा. पाहुणे म्हणायचे, बिचाऱ्याला भरून आलं. मग भागीरथाबाई पाण्याचा पेला आणून त्याच्या तोंडाला लावायच्या.

त्या दिवशी त्यांनी गल्लीत दारोदार जाऊन बजावलं. टाकीत कोणी काही टाकलं तर त्याला घरात पाऊल ठेवू देणार नाही. दोन-चार जणी रुसल्या. रुसू देत. ब्लिचिंगचा वास उडावा म्हणून नळाचं पाणी उघड्या बादल्यांत भरून ठेवलं, आणि निळं पाणी थोडं थोडं करून बदललं. फोरमनचं खाणं बंद केलं.

खाणं बंद म्हणजे श्रावणचा हातही बंद. तो बायकोकडे बघेना. दाण्याचा डबा त्यांनी कपाटावर ठेवला तेव्हा तर त्याने अशी नजर टाकली की दुसरी एखादी रडली असती. यांनी उलट डोळे वटारले.

मासा जरा सावरल्यावर त्यांनी त्याचं पोट साफ व्हावं म्हणून वाटाणे उकडले आणि नवऱ्याच्या लुळ्या हातावर ठेवले.

"साल काढा. सालीसकट चालत नाई त्याले."

श्रावण त्या वाटाण्यांशी झटत बसला. दोन चिरडले, एक सोफ्याखाली गेला. शेवटी एकाची साल निघाली आणि फोरमनने ते हिरवं कुस्करलेलं गिळलं. हळूहळू पोट ओसरलं. मासा सरळ पोहू लागला, थोडा कलता, पण सरळ.

मग पुलगावहून रूपराव आला, श्रावणचा डेपोतला जुना सोबती. त्याला या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं. पुडा घेऊन आला, श्रावणशेजारी बसला. भागीरथाबाई चहा टाकायला आत गेल्या आणि सांगायचं राहून गेलं. इतक्यात बाहेरून "न्, न्" ऐकू आलं. सवयीने त्यांनी पेला भरला आणि लगबगीने बाहेर आल्या.

रूपरावचा हात टाकीवर होता, हातात बिस्किट. आणि श्रावणच्या त्याच लुळ्या हाताने त्याचं मनगट धरलं होतं. चेहरा लालबुंद.

"नो-को," श्रावण म्हणाला. "रूप्या. नोको."

डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. भागीरथाबाईंनी तो चेहरा सबंध संसारभर पाहिलेला होता, ताट सरकवताना. माणूस हिवाळ्यापासून रागावून ओरडत होता, आणि रागाशी जन्म काढलेल्या बाईला तो राग ओळखू आला नव्हता.

रूपराव ओशाळून काहीतरी पुटपुटत होता. त्यांनी त्याच्या हातून बिस्किट काढून घेतलं, पेला खाली ठेवला आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "काय बोलाचं ते बोला. आता मी पाणी नाई पाजत."