दुपारचा नमुना

गल्लीतली मुलं त्यांना सुईबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या प्रयोगशाळेत, लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून रक्त काढलं होतं. हात इतका हलका, की रडायला तोंड उघडलेलं पोर रडायचंच विसरून जाई. निवृत्तीनंतर सुया सुटल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता त्यांचा सगळा जीव घरामागच्या तळ्यात अडकला होता. तळं कसलं, सिमेंटचा हौदच तो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेइतका खोल. त्यात थोरली राहायची. थोरली म्हणजे पांढऱ्या अंगावर तांबडे डाग असलेली, हातभर लांबीची, कोई जातीची शोभेची मासळी. लेकीने शाळेत असताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. थोरली तिथंच राहिली. यंदा तिने अंडी घातली आणि पंधरा दिवसांत गेली. मागे राहिली ती दोनशेच्या आसपास पिल्लं, पापणीच्या केसाएवढी. तळ्यातला दुसरा मासा, नर, त्यांना गिळू नये म्हणून सुईबाईंनी तो शेजाऱ्यांच्या हौदात पाठवून दिला आणि उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पिल्लांना भरवायला सुरुवात केली.

तीन महिने सगळं छान चाललं. पिल्लं बोटाएवढी झाली, कुणाच्या पाठीवर थोरलीचा तांबडा रंग उमटू लागला. आणि मग एका संध्याकाळी चार पिल्लं पोट वर करून तरंगताना दिसली. दुसऱ्या संध्याकाळी सहा. तिसऱ्या संध्याकाळी पाच.

घाबरून हातपाय गाळणं सुईबाईंच्या स्वभावात नव्हतं. तपासणीची पेटी घरात होतीच. रोज सकाळी साडेसहाला, पिल्लांना खाणं टाकायच्या आधी, त्या परीक्षानळीत पाणी घेत, थेंब मोजून टाकत, रंग तक्त्याशी ताडून पाहत आणि वहीत लिहीत. अमोनिया अगदी किंचित. पीएच सव्वासातच्या आसपास. नायट्राइट नाही. सगळं कसं सरळ. सकाळी पिल्लंही सरळ, खाण्यावर तुटून पडणारी. आणि संध्याकाळी पुन्हा पाच मेलेली.

"पाण्यात काही नाही म्हणता, मग जंतू असणार," माशांच्या दुकानाचा मालक म्हणाला. "मीठ टाका, बाई."

त्यांनी मीठ टाकलं. संध्याकाळी सात गेली.

"मांजर असेल," शेजारीण म्हणाली.

"मांजर मारून तसंच ठेवून जातं होय?"

"तू रोज नळ्या नाचवतेस त्यांच्यासमोर," यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले. "धसक्यानेच जात असतील बिचारी."

"तुम्ही गप्प बसा हो! इथं माझा जीव टांगणीला लागलाय."

आणखी गोंधळ व्हायचा बाकी होता. एके सकाळी त्यांना दाढ काढून घ्यायला जावं लागलं. तपासणी राहिली. दुपारी तीन वाजता, सुजल्या गालावर बर्फाची पिशवी धरून त्यांनी पाणी तपासलं, तर पीएचचा रंग तक्त्याच्या पार शेवटच्या चौकोनाला जाऊन टेकलेला. नऊ! सुईबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा केलं. पुन्हा नऊ.

"थेंब खराब झाले," त्यांनी ठरवून टाकलं आणि नवी बाटली मागवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नव्या बाटलीने तपासलं. सव्वासात. झालं, बाटलीचाच दोष. पण संध्याकाळी पाहतात तो आठ पिल्लं गेलेली.

त्या जुनी बाटली घेऊन तणतणत दुकानात गेल्या. मालकाने आपल्याच एका टाकीचं पाणी दोन्ही बाटल्यांनी तपासून दाखवलं. रंग अगदी सारखे.

"बाटली ठणठणीत आहे, बाई."

"मग त्या दुपारी काय झालं होतं?"

"आता ते मी कसं सांगू? दाढेचं औषध घेतलं होतं ना तुम्ही?"

सुईबाई परतल्या त्या तिरमिरतच. बाटली चांगली, पाणी चांगलं, मग पिल्लं का मरतात? आणि त्या दिवशीचा नऊ खरा, तर बाकीचे सगळे दिवस खोटे? दाढेबरोबर आपली अक्कलही उपटून नेली की काय, असं त्यांना वाटू लागलं.

जेवण झाल्यावर दोन तासांनी त्यांनी नेहमीप्रमाणे यजमानांची साखर तपासायला सुई काढली. यजमानांनी बोट पुढे केलं आणि ते कुरकुरले, "मला सकाळी उपाशीपोटी एकदा टोचतेस, जेवणानंतर पुन्हा टोचतेस. त्या तळ्याचं मात्र तुला एकदाच पुरतं. लाडकं आहे!"

सुईबाईंचा हात तसाच राहिला.

"अगं, टोच तरी! नाहीतर बोट सोड."

त्या उठून थेट तळ्यावर गेल्या. तीन वाजता पीएच नऊ. चारला रंग तक्त्याच्या शेवटच्या चौकोनाहूनही गडद. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात, दहाला आठ, एकला साडेआठ. तळ्याचं पाणी महिन्याभरात हिरवं झालं होतं. पाण्यातलं ते शेवाळ ऊन चढेल तसा पीएच वर नेत होतं, आणि रात्रीतून तो पुन्हा खाली येत होता. आणि पीएच चढला की तोच किंचितसा अमोनिया, सकाळी निरुपद्रवी वाटणारा, विष होत होता. कॉलेजात शिकलेलं होतं हे. पण सकाळी उपाशीपोटी नमुना घ्यायचा, ही सवय हाडात इतकी मुरलेली, की हजारो माणसांना "खाऊन आलात? मग उद्या या" म्हणून परत पाठवणाऱ्या बाईने तळ्यालाही उपाशीपोटीच बोलावलं होतं.

त्या दिवशी त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. अर्ध्या तळ्यावर हिरवी जाळी बांधली. रात्रभर पिंपात ठेवलेलं पाणी घालून पाव तळं बदललं. खाणं निम्म्यावर आणलं. पीएच एकदम चढू नये म्हणून तळ्याच्या गाळणीत शिंपल्यांचा चुरा भरला. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवला. त्या संध्याकाळी तीन पिल्लं गेली. दुसऱ्या संध्याकाळी एक. तिसऱ्या संध्याकाळी एकही नाही.

आठ दिवस एकही गेलं नाही. मोजली तर एकशे बारा भरली. दुसऱ्यांदा मोजली तर एकशे नऊ.

लेकीचा फोन आला. "पण आई, नक्की कशाने थांबलं?"

"माहीत नाही."

"असं कसं? सगळं एकदम करायचं नाही, हे तूच मला सांगायचीस. आता एकेक काढून बघ. आधी जाळी काढ."

बरोबरच होतं तिचं. एकतीस वर्षं सुईबाई हेच करत आल्या होत्या. कारण कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या फोन कानाला लावूनच तळ्याशी गेल्या आणि जाळीची एक गाठ सोडली. जाळीचं टोक सरकलं, उन्हाची पट्टी पाण्यात उतरली, आणि सावलीतली पिल्लं गोंधळून इकडे पळाली, तिकडे पळाली.

"काढलीस का?"

"तुला दोन वर्षांची असताना ताप आला होता," सुईबाई म्हणाल्या. "तीन औषधं दिली होती. कुठल्या औषधाने उतरला, ते मला आजही माहीत नाही."

"मग?"

"मग काही नाही. उतरला."

फोन खांद्याने कानाशी दाबून त्यांनी ते टोक ओढलं आणि त्या दोन्ही हातांनी पुन्हा गाठ मारू लागल्या.