शेवटच्या इंजिनाचा ड्रायव्हर

अरुंद रुळांवरून धावणाऱ्या त्या गाडीला एके काळी वाफेची नऊ इंजिनं होती आणि नऊ ड्रायव्हर. त्यांतले दोघे सख्खे भाऊ. शेडमध्ये सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. धाकट्याला फावडं धरायला शिकवलं थोरल्यानेच. कोळसा भट्टीत फेकायचा नसतो, पसरायचा असतो, हे तो पाठीत धपाटे खात शिकला.

पुढे सुटे भाग मिळेनासे झाले. एक इंजिन बसलं की त्याचे नळ, झडपा, दांडे काढून दुसऱ्याला लावायचे आणि सांगाडा बाजूच्या रिकाम्या रुळावर, सायडिंगला, ढकलायचा. नवाची सात झाली, साताची चार. इंजिनागणिक एक ड्रायव्हर कमी. कोणाला फाटकावर बसवलं, कोणाच्या हाती गोदामाचा झाडू दिला. उरलेले एकमेकांच्या खोकल्यावरही कान ठेवू लागले.

शेवटी एक इंजिन राहिलं आणि हे दोघे भाऊ. थोरला जुना, तेव्हा गाडी त्याची, हे ठरल्यासारखंच होतं.

फोरमनने धाकट्याला खोलीत बोलावलं. "सोमवारपासून तू फाटकावर. बरं, थोरल्याची नजर कशी आहे रे? परवा सिग्नलच्या पुढे जाऊन थांबला म्हणे."

धाकट्याला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं थोरल्याला सिग्नलचा हात धूसर दिसत होता. बावीस वर्षं त्याच्या जोडीला भट्टीत कोळसा घालणारा फायरमन बाहेर वाकून बघायचा आणि सांगायचा, "पडला, दादा." मग गाडी सुटायची.

"फायरमन सांगतो त्याला," धाकटा म्हणाला. बाहेर पडताना त्याने मनाशी घोकलं, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. फाटकावरची ती पत्र्याची खोली मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरने हिरवा दिवा धरला. थोरला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दिवा लावा की साहेब." खोलीतले दोन कारकून खो खो हसले. त्याच दुपारी त्याला घरी पाठवलं. आंधळ्याला साथ दिली म्हणून फायरमनलाही काढलं.

थोरला खाटेच्या कडेवर बसून होता. "कोणी सांगितलं रे?"

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. धाकट्याने बूट काढता काढता म्हटलं, "दुसरं कोण असणार? तुझा फायरमन. पुढच्या वेळी सिग्नल चुकला तर आपल्यावर यायला नको म्हणून. तरी त्यालाही काढलंच."

थोरला तसाच अनवाणी उठला. फायरमन चौकातल्या नळावर अंघोळ करत होता. थोरल्याने आवाजाच्या रोखाने जाऊन त्याला बायकापोरांसमोर बदडलं. फायरमन साबणाच्या फेसात मार खात राहिला. "दादा, मी नाही... दादा, ऐका तरी," एवढंच तो म्हणत होता. हात त्याने उगारला नाही. धाकटा दोन पावलांवर उभा होता. तो सोडवायला गेला, तेव्हा थोरला दमला होता.

सात महिने धाकट्याने गाडी चालवली. मग मोठे रूळ आले आणि साहेबाने हुकूम दिला, इंजिन त्यानेच सायडिंगला नेऊन उभं करायचं. त्याने भट्टी विझवली आणि खाली उतरला. गॅस कटरवाले तयारच होते. "लवकर उतरा हो, जेवायच्या आत चाकं सोडवायचीत," त्यांच्यातला एकजण खेकसला. पाठोपाठ धाकट्याच्या हातात फाटकाच्या खोलीची किल्ली आली.

थोरल्याला पुढे मुळीच दिसेनासं झालं. आल्यागेल्याला तो अभिमानाने सांगायचा, "माझ्या भावाने शेवटचं इंजिन चालवलं. रक्ताचं माणूस ते रक्ताचं."

एका सकाळी फायरमन दारात आला. अंगात ताप, गाल बसलेले. "फक्त भेटायचंय दादांना," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता फार दिवस नाहीत माझे."

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, तोच त्याने तिला डोळ्यांनी दटावलं.

आतून थोरल्याने विचारलं, "कोण आलंय रे?"

"कोणी नाही. पत्ता विचारतोय," धाकटा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.