जुनेरातला फोटो

उद्या जगबुडी आली, तर माझी धाकटी जाऊ आधी भांग सरळ पाडील, टिकली लावील आणि मगच पळायला लागेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पळतानाही तिच्या निऱ्या सुटायच्या नाहीत. कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. राळेगावजवळच्या आमच्या गावात बोंडांत अळी होती आणि घरोघरी बायकांच्या तोंडावर अवकळा. अशा दिवसांत ही बाई तीन महिन्यांची लेक काखेत घेऊन सकाळी सातला अशी तयार असे, की पाहणाऱ्याला वाटावं आज हिच्याकडे हळदीकुंकू आहे. हळदीकुंकू नसे. गोठ्यातलं शेण काढायचं असे.

आमचं घर एक आणि चुली दोन. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर, धाकटा दीर शेती पाहायचा. मी यवतमाळची, बाप कचेरीत कारकून, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. ती नेरकडच्या शेतकऱ्याची पोर. तेव्हा घरात नीटनेटकं दिसण्याचा मान रीतीनं माझा होता. पण मला दोन लेकरं झाल्यावर मी केसांचा बुचडा बांधून मोकळी झाले होते, आणि बाळंतपणानंतर बाई अशीच दिसते, हे मी आल्यागेल्याला पटवून दिलं होतं. हिनं येऊन माझं सगळं शास्त्रच खोटं पाडलं.

बरं, या नटण्याला पैसा लागत नसे, घरातल्यांची सहनशक्ती लागे. लेकीला मालिश करून झाली, की हाताला उरलेलं तेल आधी हिच्या केसांना, मग कोपरांना आणि शेवटी टाचांना. लेकीच्या अंगाला लावायचं मसुराचं पीठ वाटीत जरा जास्तच भिजवलेलं असे, ते हिच्या तोंडाला. पावडरचा डबा आणला तो बाळासाठी. त्यातली चिमूटभर बाळाच्या गळ्याला लागे, बाकीची कुठं जाते हे सांगायची गरज नव्हती, समोर दिसत होतं. सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या नावानं आणलं, अन् मायच्या तोंडाले लागलं." ओल्या बाळंतिणीनं नटू नये, नजर लागते, असंही त्या बजावायच्या. त्यावर ही शांतपणे लेकीच्या गालावरची काजळाची तीट बोटानं पुसून तसलीच एक स्वतःच्या कानामागे लावायची. झाला नजरेचा बंदोबस्त.

घरात इस्त्री नव्हती. बाळंतिणीला शेक द्यायच्या शेगडीतले निखारे ही पितळी तांब्यात भरायची आणि तो तांब्या साडीवरून फिरवायची. शेक अर्धा हिला, अर्धा साडीला. घाई असली तर साडीची घडी लेकीच्या दुपट्याखाली दाबून ठेवायची. एकदा एका लग्नाच्या सकाळी लेकीनं त्या घडीवर आपलं काम उरकलं आणि साडीच्या मधोमध एवढा मोठा डाग पडला. हिनं तो निऱ्यांत असा काही लपवला, की त्या लग्नात तिघीचौघींनी साडी कुठून घेतली म्हणून विचारलं. टिकलीचा गोंद संपला, तर बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेल्या डिंकातला एक खडा तिनं भिजवून ठेवला होता. तो तिला महिनाभर पुरला. लाडवांत डिंक कमी कसा, याचा शोध सासूबाई अजून लावताहेत.

कापूस वेचायला जातानाही तेच. दिवसभर वेचून आम्ही बाकीच्या बायका केसांत पाचोळा आणि हातांवर ओरखडे घेऊन परतायचो. ही नवऱ्याचे जुने मोजे बोटं कापून हातात घालायची, आणि झाडाखालच्या झोळीत निजलेल्या लेकीला पाजायला बसली, की तेवढ्या वेळात वेणी पुन्हा घालून घ्यायची. पाजताना वेणी घालणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि खरं सांगते, त्या वेळी मला तिचा राग यायचा.

तिचं एकच स्वप्न होतं, शिलाई मशीन. नेरला माहेरी असताना ती शिवण शिकली होती. माझ्या ब्लाऊजपीसच्या उरलेल्या हिरव्या तुकड्याचं तिनं लेकीला हातानं झबलं शिवलं होतं, आणि त्याची टीप मशीनला लाजवील अशी होती. मशीन आली असती, तर घरात चार पैसे येऊ लागले असते. अशात शहरातली एक संस्था आमच्या भागातल्या अडचणीतल्या शेतकऱ्यांच्या बायकांना मशिनी देणार असं कळलं. ते लोक आधी घर पाहणार, बाई पाहणार, फोटो काढणार आणि मग नाव लिहिणार.

झालं. गावात तयारी सुरू झाली. लग्नाला लोक दागिने मागून नेतात, आमच्याकडे फाटकी लुगडी मागून नेली गेली. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी तो गोधड्यांखाली घातला. एका खात्यापित्या घरच्या बाईनं केसांना राख चोळली. पाहणीच्या दिवशी मीही गोधडीसाठी बाजूला काढलेलं एक जुनेर घेऊन जावेकडे गेले. ही पावडर लावत होती.

"आजचा दिवस हे नेस," मी म्हटलं. "केस सोड. अन् ती पावडर पूस."

"भीक मागाले बसवून राह्यल्या का, बाई, मले?"

"तुला मशीन पाहिजे ना?"

"पाह्यजे. पण मले शिवता येते म्हणून द्यावं. मी ओंगळ दिसतो म्हणून कायले?"

जग असं चालत नाही, हे मी तिला समजावू लागले. ती आरशात पाहतच म्हणाली, "अन् हे वावरातून आले का आधी माह्या तोंडाकडे पायतेत. मंग पाय धुतेत. आज थे ध्यान पाह्यलं, त काय समजतीन?"

दीर त्या वर्षी फारसा बोलेनासा झाला होता. जेवताना सुद्धा शब्द नाही. मी चिडले आणि कुरकुरायला लागलेली तिची लेक उचलून कडेवर घेतली. तेवढ्यात माझ्या कडेवरच्या तिच्या लेकीनं पोटभर प्यायलेलं सगळं दूध माझ्या बऱ्या साडीवर ओकलं. घाईत मी तेच जुनेर गुंडाळलं, बुचडा सुटला, पोरगी टाहो फोडत होती, आणि तिला घेऊन मी अंगणात आले, तर पाहणीवाले फाटकात उभे. चष्मेवाल्या बाई माझ्याकडे पाहून हळहळल्या. सोबतच्या माणसानं खटकन फोटो काढला. मागून माझी जाऊ कडक निऱ्यांत पाण्याचे पेले घेऊन दारात आली, तशी त्या बाई तिला म्हणाल्या, "तुम्ही मास्तरांच्या घरच्या ना? जरा लक्ष ठेवा हो हिच्याकडे."

मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन महिन्यांच्या बाळाची आई समजले गेले, हे मला आवडलंच. पण माझ्या तोंडाकडे पाहून परक्या बाईचे डोळे भरून यावेत, हे काही आवडलं नाही. "नाव काय, ताई?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि जावेचं नाव सांगून बसले. दारात पेले किणकिणले. नंतर दोन दिवस तिनं माझ्या चुलीकडे पाऊल टाकलं नाही.

वाटपाच्या दिवशी आम्ही एसटीनं राळेगावला गेलो. निदान आज तरी वेणी घालू नकोस, म्हणून मी हात जोडले. तिनं ठेवणीतली साडी नेसली, तीट, टिकली, सगळं केलं. सभागृहात आमच्या गावच्या बायका फाटक्या लुगड्यांत ओळीनं बसल्या होत्या. टेबलामागच्या पोरसवदा माणसानं फोटो पाहिला, हिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"या तुम्ही नाही, ताई. दुसऱ्याच कोणाच्या नावावर घेता येत नाही."

सगळ्या ओळीच्या माना वळल्या. मशीन तर गेलीच, वर चोर ठरणार होतो. जावेनं तो फोटो हातात घेतला. सुटलेला बुचडा, ओघळलेलं तोंड, विटलेलं जुनेर. शेण काढतानाही जिचा भांग कधी वाकडा कोणी पाहिला नव्हता, ती बाई अख्ख्या गावासमोर म्हणाली, "थे मीच होय. त्या दिवशी पोरीनं विंचरू देलं नाही." मग लेकीला त्याच्यासमोर उभं धरलं. "पाहा, फोटोतल्या पोरीच्या अंगात हेच झबलं हाये. मीच शिवलं, हातानं."

त्यानं झबल्याची टीप निरखून पाहिली आणि सहीसाठी कागद पुढे केला.

परत येताना मशीन एसटीच्या मागच्या सीटजवळ ठेवली होती. तिच्यावर एक हात ठेवून जाऊ म्हणाली, "बाई, राग नका मानू. पण त्या फोटोत तुमी लयच खराब दिसता. उद्यापासून सकाळी माह्यासमोर बसत जा. वेणी घालून देतो." मला रडू आलं. धुळीचं निमित्त करून मी खिडकीबाहेर पाहत राहिले. संध्याकाळी दीर वावरातून आला. दारात एवढी नवीकोरी मशीन मांडलेली होती, पण त्यानं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय धुतले. मग विचारलं, "चालते का हे?"

चालली. अजून चालते. त्या मशिनीच्या खणात तो फोटो आहे, तिनं त्या माणसाकडून मागून आणलेला. एखादी नवी आई पोर काखेत घेऊन ब्लाऊज टाकायला येते आणि विंचरायलासुद्धा वेळ होत नाही, म्हणून रडायला लागते, तेव्हा माझी जाऊ खण उघडून तो फोटो तिच्या हातात देते आणि म्हणते, "पाय, मी बी अशीच होती."

मी तिथंच बाजूला काजं-बटणं करत बसलेली असते, तिनं सकाळी घालून दिलेल्या वेणीत. ती बाई फोटोकडे पाहते, तिच्याकडे पाहते आणि डोळे पुसून हसते. मी मान खाली घालून बटण लावत राहते.