दोन टोकं आणि एकवीस मोदक

मागे एका संकष्टीला मी नवस बोलले होते, "बाप्पा, यांच्या दोन प्लांटमधली लाइन पुढच्या संकष्टीपर्यंत एकदाही पडली नाही, तर एकवीस मोदक घेऊन स्वतः चाकणला जाईन." लोक लग्नासाठी, लेकरासाठी नवस बोलतात. मी वायरसाठी बोलले! पण ती पडली असती, तर यांची नोकरीच जाणार होती. हेड ऑफिसचा तसा मेलच आला होता, "आणखी एकदा लिंक डाउन झाली, तर आम्ही दुसरा इंजिनिअर बघू."

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळतात. संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर रोज एक किस्सा घरी येतो. डबा घासून ठेवता येतो, किस्से मात्र साठतच जातात.

*

मी एकदा विचारलं, "अहो, वायरला टोकं दोन. मग नंबर चार कशाला?"

"अगं, तो चार नंबरांचा गट असतो, सबनेट म्हणतात. पहिला नंबर शून्य, तो गल्लीच्या पाटीचा, कुणालाच मिळत नाही. शेवटचा तीन, तो सगळ्यांना एकदम हाक मारायचा. राहायला मिळतात मधले दोनच."

"म्हणजे खोल्या चार दाखवायच्या आणि द्यायच्या दोन?"

"तसंच काहीसं."

"मग चऱ्होलीत आपल्याला फ्लॅट दाखवणारा बिल्डर नेटवर्कवालाच होता म्हणा की!"

*

ते मधले दोन नंबर म्हणजे एक आणि दोन. जुन्या प्लांटचे प्रमुख शिंदेसाहेब, नव्याचे देसाईसाहेब. यांनी जुन्याला एक दिला, नव्याला दोन. झालं! देसाईसाहेबांनी यांना केबिनमध्ये बोलावलं.

"आम्ही दोन नंबरचे का?"

"साहेब, तो नुसता पत्ता आहे."

"असेल! पण माझ्याकडे दोन नंबरचं काही चालत नाही!"

घरी येऊन हे म्हणाले, "खरं सांगू? त्यांच्याकडे एक नंबरचंही फारसं काही चालत नाही."

*

आठवड्याभरात देसाईसाहेब स्वतःच लॅपटॉप घेऊन बसले. "डिप्लोमाला डिस्टिंक्शन होतं मला!" म्हणाले, आणि आपल्या टोकाचाही नंबर एक करून टाकला. दोन्ही टोकांना एकच नंबर. लाइन मेली! इनव्हॉइस निघेना, भरलेले ट्रक गेटवर उभे.

शिंदेसाहेब फोनवर ओरडले, "अहो, लिंक बंद पडलीय!"

देसाईसाहेब शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे तर एक नंबर चाललंय."

हेड ऑफिसचा तो मेल त्याच दुपारी आला. देसाईसाहेबांना नव्हे, यांना!

*

शेजारच्या शेवंताकाकू मूळच्या चऱ्होलीच्या. त्यांच्या शेतावर आता सात मजले उभे आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"दोन घरं, मधी एक वायर, आन् त्यात बी पयला कोन?"

"हो ना काकू."

"जमीन इकली तवा वाटलं, बांधाचं भांडान गेलं एकदाचं. ते कंपनीत कामाला लागलं व्हय!"

*

मेल आला त्याच आठवड्यात संकष्टी आली आणि मी तो नवस बोलले. हे न जेवता सोफ्यावर बसले होते. मी देवापुढे दूर्वा मोजत होते, "अठरा, एकोणीस, वीस, एकवीस..."

हे ताडकन उठले. "वीस आणि एकवीस! एकतीसचा मास्क, म्हणजे गटाचं माप, लावला की गटात दोनच नंबर येतात. पाटीची खोलीसुद्धा राहायला मिळते!"

एकतीस, एकवीस. मला तर सगळे आकडे बाप्पाचेच वाटले.

दुसऱ्या दिवशी शिंदेसाहेबांना वीस मिळाला. ते म्हणाले, "मोजताना वीस आधी येतो ना? मग ठीक." देसाईसाहेबांना एकवीस मिळाला. ते म्हणाले, "मोठा आहे. आणि शुभही."

दोघांनीही यांना वेगवेगळं बोलावून सांगितलं, "दुसऱ्याला बोलू नका, वाईट वाटेल त्याला."

*

महिना सरला. लाइन एकदाही पडली नाही. हेड ऑफिसचा मेल आला, "सेवा समाधानकारक." मी पहाटे उकड काढली, मोदक केले आणि डबा घेऊन चाकणला गेले. दोन्ही साहेब एकाच टेबलाशी बसले होते.

"वहिनी, आधी इकडे. मी वीस."

"वहिनी, जास्त इकडे. मी एकवीस."

मी बाप्पाचं नाव घेतलं. दहा इकडे वाढले, दहा तिकडे. डब्यात एक उरला.

दोघांनी मोदकाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग यांच्याकडे. महिनाभर उभी राहिलेली लाइन आता या टेबलावर पडते की काय!

हे पुढे झाले. हळूच डब्याचं झाकण लावून म्हणाले, "साहेब, हा पाटीचा. हा कुणालाच मिळत नाही."

तुमच्याही घरचं कुणी असं दोन साहेबांच्या मध्ये अडकलं असेल, तर मनापासून नवस बोला. बाप्पा ऐकतो. फक्त मोदक बावीस बोला.