दादीचं माहेर

आमच्या खानदानाच्या शजऱ्यात, म्हणजे वंशावळीच्या कागदावर, सत्तावीस बायकांची नावं आहेत. सव्वीस जणींच्या पुढे लिहिलेलं माहेर खरं आहे. सत्ताविसावी माझी दादी, वडिलांची आई. तिच्यापुढे मी खोटं गाव लिहिलं.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे. सोयरीक ठरताना दोन्हीकडचे वडीलधारे शजरा मांडून बसतात. दादी जंजिऱ्याजवळच्या हबशी घरातली. तिचे पूर्वज आफ्रिकेतून जहाजावर आणलेले. बारा वर्षांपूर्वी कुवेतमध्ये जुना कागद उतरवून काढताना मी तिच्यापुढे माझ्या आईचं गाव घातलं. मी गोदामात माल मोजतो, एका खोक्याचा फरक मला चालत नाही. हा बारा वर्षं चालला.

माझी मुलगी वीस वर्षांची. गेल्या वर्षापासून दर शुक्रवारी ती इथं कुवेतमधल्याच सबाह अल-सालेम भागात एका फ्लॅटवर जायची. सुदानी, इथिओपियन, नायजेरियन पोरं, बहुतेक इथंच वाढलेली. ती स्वतःच एक मासिक काढतात. आपापल्या आज्यांच्या गोष्टी, चित्रं, गाणी. फोटोकॉपी करून स्टेपल मारायचं आणि गावी जाणाऱ्याच्या बॅगेतून नैरोबीला, लंडनला, कुणाच्या तरी भावंडांकडे पाठवायचं. तिकडून त्यांची पानं येतात. मुलगी चित्रं काढून देते एवढंच मला माहीत होतं.

एकदा तिला आणायला वर गेलो. दारात अकरा जोड चपला. मासिकाचं काम बघणारी सुदानी मुलगी चहा घेऊन आली आणि हिंदीत म्हणाली, "अंकल, पुढच्या अंकात तुमची दादी आहे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनंच. तिनं तुमच्या आईला फोन करून सगळं विचारून घेतलं."

"ते पान काढा. माझी मुलगी तुमच्यातली नाही."

"आणि दादी?" ती हसली नाही, रागावलीही नाही. मी चहा तसाच ठेवला.

गाडी घराजवळ, एगैला भागात आली. तेव्हा मुलगी इंग्रजीत बोलली, रागावली की तिला मराठी सुचत नाही. जमातीतले एक वडीलधारे, नात्यातले नाहीत पण आम्ही त्यांना चाचा म्हणतो, त्यांच्या मुलासाठी तिची बोलणी चालली होती. मुलगा तिला नापसंत नव्हता. "पण आधी त्याला खरं कळू दे," ती म्हणाली. "मग हो म्हणू दे, नाही तर नाही."

"तुझं लग्न मोडेल."

"शाळेच्या दारात येऊ नकोस असं तुम्ही तुमच्या दादीला सांगितलं होतं. खरं ना?"

खरं होतं. मी आठ वर्षांचा होतो. पोरं तिच्या केसांवरून मला चिडवायची. मी सांगितलं आणि ती परत कधी आली नाही. डबा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे ठेवून जायची, तो मला शाळेत आणून द्यायचा. हे माझ्या आईला माहीत होतं, मला त्या दिवशी गाडीत मुलीकडून कळलं.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर चाचा आणि चाची घरी आले. मी शजरा टेबलावर पसरला. चाचांनी बोट ठेवत ठेवत वाचला, दादीच्या गावावरून बोट पुढे सरकलं. तेवढ्यात मुलीनं त्यावर मासिक ठेवलं. उघडं. चित्रात दादी विळीवर खोबरं खवतेय, कुरळे केस, रुंद नाक, कपाळावर मला आठवते तीच आठी. खाली जंजिऱ्याच्या हबशी घराचं नाव.

चाचांनी चष्मा पुसला. "अरे, ही कोण? कुणाची मोलकरीण?"

"माझी पणजी," मुलगी मराठीत म्हणाली.

चाची पुटपुटल्या, "तरी म्हटलं, पोरीचे केस असे कसे."

चाचा माझ्याकडे वळले. "तू मोजमाप करणारा माणूस. कागद खरा की पोरीचं चित्र?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या तोंडातून निघालं, "चित्र खरं. कागद चुकलाय. मीच चुकवला."

"बारा वर्षं जमातीला फसवलंस? आणि आता हबशांच्या पोरांच्या कागदावरून कबूल करतोस?"

"हो."

ते उठले. समोसे होते तसेच राहिले. दारात चाचा म्हणाले, "पोरीला त्यांच्यातच दे मग." मी त्यांना खाली सोडायला गेलो नाही.

मुलगी खूश होईल असं वाटलं होतं. ती शजरा गुंडाळत म्हणाली, "अब्बा, चोरी कबूल केल्यासारखं सांगितलंत. तुमची दादी हबशी होती, ही चोरी होती का?"

मी खोडायची पांढरी शाई आणली. तिनं बाटली हातातून काढून घेतली. "गोदामात असं करता?"

गोदामात नाही करत. चुकीचा आकडा खोडायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि सही करायची. मी तसं केलं. खोटं गाव, रेघ, त्यावर दादीचं माहेर, माझी सही. शेजारी साक्षीदाराची जागा ठेवली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"ती शाळेच्या कोपऱ्यावर डबा ठेवायची, तेही लिहा," ती म्हणाली. "मग सही करते."

शजऱ्यात तेवढी जागा नाही. मी मागच्या बाजूला लिहायला घेतलं आहे. तिची सही अजून झालेली नाही.