चार बोटांची जागा

कोणतीही गाडी दुकानाच्या दारात आली की ते आधी टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत चार बोटं आडवी घालायचे. बोटं गेली तर ‘बराबर’. नाही गेली तर हात पुसत समोर चहा प्यायला निघून जायचे. कनेरगाव नाक्यावर तुम्ही कधी टायर बदलला असेल, तर ही वागणूक तुमच्याही वाट्याला आली असेल. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

मापाआधी ते मागच्या सीटवर सोयाबीनचे दोन भरलेले कट्टे ठेवायचे. दुकानातलं हवा भरायचं यंत्र आठवड्यातून चार दिवस बंद असे, पण कट्टे कायम तयार. गिऱ्हाईक चिडलं की म्हणायचे, “रिकामी गाडी कोनाचीबी झोकातच दिसती बाबा. मानसं बसू दे.”

माझं लग्न ठरलं आणि मला अक्कल सोडून सगळं सुचायला लागलं. एक जुनी निळी गाडी घेतली. स्प्रिंगा कापून ती इतकी खाली बसवली की रस्त्यावरची शेळीही माझ्याकडे वरून बघायची. आता तिला रुंद अलॉय चाकं आणि रुंद टायर तेवढे बाकी होते. चाचांनी नवं चाक लावून पाहिलं, कट्टे ठेवले, आणि फटीत करंगळीसुद्धा गेली नाही. मागं नवरी बसणार असेल तर हे जमायचं नाही, म्हणाले. माझी नवरी म्हणजे काही सोयाबीनचा कट्टा नाही, असं मी त्यांना बाणेदारपणे सुनावलं.

हिंगोलीत एका दुकानात तासाभरात काम झालं. रिकाम्या गाडीचे फोटोही काढले. जुनी चाकं मागच्या सीटवर टाकून निघालो, तर वाटभर मागून खर्रखर्र आवाज येत होता. मी जाणकार माणूस, म्हणून गाणं मोठं केलं. नाक्यावर ती चाकं चाचांपुढे उतरवली आणि भंगारात घालायला सांगितली. त्यांनी एकेक चाक घरंगळत आत नेलं.

लग्न सेनगावला झालं. येताना गाडी अर्थात नवरदेवच चालवणार. मागे नवरी, तिची मावशी, तब्येतीने चांगली असलेली पाठराखीण आणि लाडवांचे दोन डबे. प्रत्येक गतिरोधकावर टायरची कड मडगार्डवर घासत गेली आणि नाक्याच्या अलीकडे फाटली. वऱ्हाडाच्या जीपा कधीच पुढे गेल्या होत्या. स्टेपनीच्या जागी मी हौसेने स्पीकर बसवले होते. घरी आई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी, आणि इथे सून भर उन्हात रस्त्यावर.

शेवटी चाचांनाच फोन केला. ते मालवाहू ऑटोत माझी चारही जुनी चाकं घेऊन आले. धुऊन ठेवलेली होती. शालू सावरत लिंबाखाली उभ्या असलेल्या नवरीने विचारलं, ही असली चाकं बसवली कोणी? मी आभाळाकडे पाहू लागलो.

चाचांनी पाना न थांबवता सांगितलं, “म्याच बसवले, बाई. माझंच माप चुकलं.”

मग तिघींना आत बसवून त्यांनी बोटं घातली. “बराबर. जाय आता, माय वाट पाहून राहिली असंल.”

मी गप्प राहिलो. आधी लाजेने, मग सवयीने. पुढची सहा वर्षं नाक्यावरून जाताना बायको म्हणायची की तुमच्या चाचांना माप कळत नाही, टायर दुसरीकडेच बघा. तेही मी हसून ऐकलं. स्टुलावरून ते हात करायचे आणि मी हॉर्न वाजवून पुढे जायचो. त्या हॉर्नची मला आज शरम वाटते.

यंदाच्या हिवाळ्यात चाचा गेले. आम्ही दोघं लेकराला घेऊन त्यांच्या घरच्यांना भेटायला निघालो. माणूस भला होता, हात तेवढा कच्चा, असं ती मागच्या सीटवरून म्हणाली, आणि मी गाडी कडेला घेऊन सगळं सांगून टाकलं. नाका आला. दुकानाचं शटर खाली होतं. तिने तिथे गाडी थांबवायला लावली.

“हे मला सांगून काय उपेग? सहा वर्सं ते इथंच बसून व्हते.”

मी खाली उतरलो. ती मागेच बसलेली, मांडीवर लेकरू. काय करावं ते सुचेना, म्हणून वाकून मागच्या टायरवरच्या फटीत चार बोटं घातली. बोटं बसली. बराबर म्हणायला कोणी नव्हतं.